चैन सोडली की खर्च पुढे ढकलला?

महिनाअखेरीला खिशात दोन हजार जास्त उरले, तर ते कुठून आले हे नोटांकडे बघून कळत नाही. बाहेरचा चहा-नाश्ता बंद केलेला असेल, नाहीतर गाडीची सर्व्हिसिंग टाळलेली असेल. शिल्लक दोन्हीकडे सारखीच, आणि घरात दोन्हीला "या महिन्यात जरा हात आखडता घेतला" असंच म्हणतात. फरक पुढे कळतो. चहाचे पैसे वाचले ते वाचले. सर्व्हिसिंगचे पैसे कुठे गेलेले नसतात, ते नुसते थांबलेले असतात, आणि थांबलेल्या खर्चावर व्याज चढतं.

पहिला प्रकार म्हणजे चैन सोडणं, दुसरा म्हणजे खर्च पुढे ढकलणं. आपल्या सोलापुरात ही गल्लत जरा जास्तच होते, आणि त्याला कारण आहे. विडीची मजुरी हजारावर मोजली जाते, यंत्रमागावरच्या कामाची निघालेल्या मालावर. पगार बऱ्याच घरांत आठवड्याला येतो. काम मंदावलं की त्याच आठवड्यात काहीतरी कापावं लागतं. अशा वेळी जे ओरडत नाही ते आधी कापलं जातं. चहा नाही मिळाला तर डोकं दुखतं. इंजिन ऑइल नाही बदललं तर गाडी लगेच काही बोलत नाही.

आधी सोपी बाजू बघू. टपरीवरचा कटिंग दहा रुपयांचा धरला आणि दिवसाला पाच होत असले, तर महिन्याला दीड हजार होतात. यातले तीन सोडले तरी अंगाला काही होत नाही, उलट पित्त कमी होतं. मोबाइलवर मागवलेलं जेवण, त्यावरचं डिलिव्हरी आणि पॅकिंग. कुणीही न बघणारं तिसरं ओटीटी. रात्री जेवण झाल्यावर "चल एक चक्कर मारू" म्हणत सात रस्त्याला जाऊन खाल्लेलं आइस्क्रीम. हे सगळं वर्षभर बंद ठेवलं तर वर्षाच्या शेवटी त्याचं एकही बिल येत नाही. चैनीची खूण हीच. सोडली की ती तिथेच संपते, मागे काही साचत नाही.

माझा एक मित्र छातीठोकपणे सांगत होता, "चहा सोडलो बघा, रोजचे पन्नास रुपये वाचलालेत." मी विचारलं, कुठं ठेवलालाय ओ? त्यावर साहेब गप्प. चैन सोडण्यातली खरी अडचण इथे आहे. सोडलेली चैन आपोआप बचत होत नाही. ते पन्नास रुपये संध्याकाळपर्यंत दुसऱ्या कशात तरी विरघळतात. तेच दीड हजार दर महिन्याला पोस्टाच्या पाच वर्षांच्या आरडीत 6.7 टक्क्यांनी टाकले, तर भरलेल्या 90,000 चे साधारण 1,07,000 होतात. महिन्याच्या पहिल्या तारखेला पैसे कापले जातील अशी सोय केली नसेल, तर चहा सोडून फक्त चहा गेला असं समजावं.

आता दुसरी बाजू, जिथे खरं नुकसान होतं. उन्हाळ्यातला कूलर घ्या. आपल्याकडे मे महिन्यात पारा 42-43 च्या घरात जातो, पण हवा कोरडी असते, म्हणून कूलर इथे चांगलं काम करतो. पाणी वाफ होताना हवेतली उष्णता ओढून घेतं आणि कोरड्या हवेत वाफ भराभर होते. मुंबईच्या दमट हवेत तोच कूलर नुसता चिकचिकाट करतो. तर या कूलरचं गवत दर उन्हाळ्याआधी बदलायचं असतं. दोन-चारशे रुपयांचं काम. "गेल्या वर्षीचंच आहे की, चालतंय" म्हणून ते राहतं. मग एखाद्या दुपारी मागची जाळी काढून बघावी. बोअरच्या जड पाण्यातले क्षार बसून गवत पांढरं आणि कडक झालेलं असतं, मधे मधे खाली बसून भगदाडं पडलेली, आणि पंपाचं पाणी गवतात न मुरता एका कडेने सरळ टाकीत उतरत असतं. पंखा बाहेरची गरम हवा आत ढकलत राहतो. चार दिवस घरातले घामाघूम होतात आणि पाचव्या दिवशी कुणीतरी म्हणतं, "कूलरनं आता काय होत नाही, एसीच घेऊ हप्त्यावर."

दोन-चारशे रुपये वाचवून पस्तीस-चाळीस हजारांची खरेदी अशी होते. आणि ती तिथे थांबत नाही. कूलर दीडशे-दोनशे वॅट खातो. दीड टनाचा एसी सरासरी ताशी एक युनिटच्या आसपास. रात्री आठ तास चालवला तर कूलरचे महिन्याला पन्नासेक युनिट, एसीचे 240 च्या आसपास. महावितरणच्या घरगुती बिलात 100 युनिटपर्यंत एक दर, 101 ते 300 ला त्याहून बराच चढा, 300 च्या पुढे आणखी चढा. म्हणजे एसीचे युनिट जास्त तर असतातच, शिवाय ते महागड्या टप्प्यात जाऊन बसतात. ज्यांच्याकडे एसी आहे त्यांनी तो 18 वर न ठेवता 24 वर ठेवावा. तापमान एका अंशाने वाढवलं की साधारण सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. ही चैन थोडी कमी करणं झालं, पुढे ढकलणं नव्हे.

एक गोष्ट मात्र कूलरच्या विरोधात जाते, ती सांगायलाच हवी. तो दिवसाला कित्येक घागरी पाणी पितो, आणि आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. उजनी धरण कितीही भरलेलं असो. टँकर मागवून कूलर चालवणाऱ्या घराचा हिशोब वेगळा, तिथे मी पैज लावणार नाही.

गाडीचंही तेच. शंभर सीसीच्या गाडीत लिटरभर किंवा त्याहून कमी ऑइल लागतं, चार-पाचशे रुपयांचं. मेकॅनिक पट्टी बाहेर काढून फडक्याला पुसतो तेव्हा ताजं ऑइल मधासारखं दिसतं. वर्षभर न बदललेलं काळं असतं आणि पट्टीच्या टोकालाच जेमतेम लागलेलं. तरी गाडी रोज अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीपर्यंत जाऊन येत असते, म्हणून वाटतं की ठीक आहे. पिस्टन-रिंगचं काम निघालं की मग हजारांत बोलणं सुरू होतं, वर दोन दिवस रिक्षाभाडं.

दाताचं मला सगळ्यांत वाईट वाटतं, कारण तिथे ढकलण्याला शरीरच साथ देतं. कीड वरच्या थरात असेपर्यंत दुखत नाही. तेव्हा फिलिंगवर भागतं, हजार-दीड हजारात. कीड दाताच्या आतल्या नसेला पोचली की रात्रीची झोप उडते, आणि मग रूट कॅनाल, वर कॅप. आकडा कितीतरी पटींनी वाढतो. मधे काही आठवडे ठणका आपोआप थांबतोही. लोक म्हणतात "बरं झालं." बहुतेक वेळा नस मेलेली असते.

विम्याचा हप्ता चुकवणं हा ढकलण्याचा सगळ्यांत फसवा नमुना, कारण तिथे काही बिघडलेलं दिसतच नाही. आरोग्य विम्याचा वर्षाचा हप्ता चुकला तर साधारण 30 दिवसांची सवलत असते. ती उलटली की पॉलिसी बंद होते, आणि नव्याने घेताना आधीपासूनच्या आजारांसाठीची प्रतीक्षा, म्हणजे त्या आजारांचा खर्च मिळू लागेपर्यंतचा काळ, पुन्हा पहिल्यापासून मोजतात. ती जास्तीत जास्त 36 महिने असू शकते. घरात कुणाला शुगर किंवा बीपी असेल तर तीन वर्षांची पुण्याई एका हप्त्यात गेली. आता तर 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्याच्या हप्त्यावरचा 18 टक्के जीएसटीही गेला आहे, त्यामुळे "हप्ता परवडत नाही" म्हणण्याआधी नवा आकडा एकदा विचारून बघावा. दुचाकीचा थर्ड पार्टी विमा तर कायद्याने सक्तीचा आहे. पहिल्यांदा सापडलं तर दंड 2,000. पण दंडाला मी एवढा भीत नाही. गाडीखाली कुणी आलं तर भरपाई मालकाच्या खिशातून जाते, ती भीती मोठी.

क्रेडिट कार्डाची "किमान रक्कम" भरणं हे ढकलणंच. अनेकांना ते त्या महिन्यातली काटकसर वाटते. समजा 20,000 थकलेत, महिन्याचं व्याज साडेतीन टक्के. व्याज झालं 700, त्यावर जीएसटी 126. तुम्ही हजार भरले तर मूळ रकमेतून जेमतेम पावणेदोनशे कमी झाले. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीवर बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. या माणसाने रविवारचं मटण सोडलं आणि बँकेला दर महिन्याला आठशे दिले, तर त्याने कुणासाठी काटकसर केली हे त्यानेच ठरवावं. मला विचाराल तर मटण खावं, कार्ड कपाटात ठेवावं आणि थकबाकी आधी फेडावी. मटण अर्धा किलोच्या जागी पाव किलो आणा, रश्श्यात कडक भाकरी चुरली की पोट भरतंच.

दोन्हींतला फरक ओळखायला मी एकच प्रश्न विचारतो: हे वर्षभर केलं नाही तर वर्षाच्या शेवटी पहिल्यापेक्षा मोठं बिल येईल का? येणार असेल तर ती चैन नव्हती.

पण या प्रश्नालाही एक पळवाट आहे. नवा फोन, नवा टीव्ही, नवी गाडी यांची खरेदी लांबवणं दिसायला ढकलण्यासारखंच असतं, तरी ती खरी बचत आहे. 16,000 चा फोन दोन वर्षांनी बदलला तर वर्षाला 8,000 पडले. बॅटरीवर हजार-दीड हजार घालून तोच चार वर्षं वापरला तर वर्षाला साडेचार हजारांच्या आतच. देखभाल लांबवली तर खर्च वाढतो, खरेदी लांबवली तर घटतो. आणि खरेदी लांबवायची असेल तर देखभाल वेळेवर करावी लागते. ज्यांच्या घरी दहा वर्षांचा कूलर अजून गार हवा देतो, त्यांनी गवत दरवर्षी बदललेलं असतं.

राहता राहिली गड्ड्याची जत्रा. संक्रांतीला होम मैदानावर पोरांना पाळण्यात बसवणं, भेळ, एखादं खेळणं. हा खर्च चैनीचाच, आणि सोडला तर बिलही येणार नाही, म्हणजे माझ्या प्रश्नाप्रमाणे कापायला मोकळा. तरी मी कापणार नाही. वर्षातून एकदाच होणाऱ्या खर्चाने कुणाचं घर बुडत नाही. त्यासाठी डिसेंबरातच पाचशेच्या दोन नोटा वेगळ्या काढून ठेवाव्यात, आणि तेवढ्यात भागवावं. हुरडा पार्टीचं आमंत्रण मात्र त्या पैशांतून नको, ते यजमानाच्या शेतावर फुकटच बरं लागतं.