आंब्याचा चीक, कोळंबी आणि गोचिडीचा चावा

आंब्याचे दिवस आले की काही घरांत एक ठरलेली तक्रार ऐकू येते. आंबा चोखून खाल्ला आणि दोन दिवसांनी ओठांच्या कडेला, हनुवटीवर बारीक पाणीदार फोड आले, खाज सुटली. घरातल्यांचं निदान तयारच असतं: आंबा उष्ण पडला. मग आंबे पाण्यात बुडवून ठेवा, वरून दूध प्या, सब्जा घ्या. पाण्यात ठेवल्याने फरक पडला तर तो देठाशी चिकटलेला चीक थोडाफार धुऊन गेल्यामुळे. आंब्याच्या चिकात आणि सालीत काही तेलकट रेणू असतात आणि भांडण त्यांचं आणि त्वचेचं असतं. याच माणसाला दुसऱ्या कुणी आंबा सोलून, फोडी करून दिल्या तर बहुतेक वेळा काहीही होत नाही.

आंबा, काजू आणि बिब्बा ही एकाच कुळातली झाडं. बिब्ब्याचा काळा रस कपड्याला लागला की जन्मात निघत नाही, म्हणून धोबी त्याने कपड्यांवर खुणा करत. तोच रस अंगाला लागला की काहींना उततो. कातडी लाल होते, सुजते, फोड येऊन पाझरते. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मानेवर नेमके धोब्याच्या खुणेच्या जागी असे चट्टे उठायला लागले, तेव्हा लष्करी डॉक्टर चक्रावले. त्यांच्या देशातल्या पॉयझन आयव्ही या वेलीत युरुशिऑल नावाचं तेल असतं आणि बिब्ब्यातलं भिलावनॉल हे त्याचं सख्खं भावंड. एकाने त्वचा बिथरलेली असेल तर दुसऱ्यानेही बिथरते. जपानी लाखकामाच्या रोगणात आणि काजूच्या टरफलातल्या तेलातही याच जातीचे रेणू सापडतात. काजू सोलणाऱ्या बायका हाताला राख किंवा तेल चोळून बसतात ते याचसाठी. बाळंतिणीच्या लाडवांत पडणारी गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या आतलं बी. ती नीट साफ केलेली असेल तर प्रश्न नाही, पण टरफलाचं तेल लागून राहिलं असेल तर लाडू तोंडाला त्रास देऊ शकतो.

ही ॲलर्जी उशिरा दिसते. पांढऱ्या पेशींतल्या ‘टी’ पेशी तो रेणू एकदा लक्षात ठेवतात आणि पुन्हा भेटला की एक ते तीन दिवसांत त्वचेवर हल्ला चढवतात. म्हणून तपास फसतो. आपण आठवतो सकाळी काय खाल्लं, काय लावलं. कारण असतं परवाचं. काजूगर खाल्ल्यावर पाच-दहा मिनिटांत घसा आवळणं, अंगावर पित्ताच्या गांधी उठणं, चक्कर येणं हा प्रकार निराळा. तिथे काम करतात ‘आयजीई’ नावाच्या प्रतिपिंडांचे रेणू. ते त्वचेतल्या आणि आतड्यातल्या ‘मास्ट’ नावाच्या संरक्षक पेशींवर दबा धरून असतात आणि खूण पटताच हिस्टामिन या खाज-सूज आणणाऱ्या रसायनाचा साठा एकदम फोडायला लावतात. झाड तेच काजूचं, पण टरफलाच्या तेलाची ॲलर्जी एका खात्यात आणि काजूगराची दुसऱ्याच खात्यात. ‘मला काजूची ॲलर्जी आहे’ एवढं सांगून डॉक्टरला फार काही कळत नाही ते यामुळे.

मुळात शरीराला काजू, कोळंबी, गोळी अशा वस्तू कळतच नाहीत. त्याला रेणूचा एखादा तुकडा कळतो. चोराने लाल शर्ट घातला होता एवढंच लक्षात राहिलेला सोसायटीचा वॉचमन जसा लाल शर्टवाल्या प्रत्येकाला गेटवर अडवतो, तसा हा कारभार चालतो. कोळंबीच्या ॲलर्जीत हा शर्ट बहुतेक वेळा ट्रोपोमायोसिन या स्नायूंतल्या प्रथिनाचा असतो. तेच प्रथिन थोड्या फरकाने खेकड्यात, झुरळात आणि गादीतल्या धुळीच्या किड्यातही असतं. म्हणून धुळीने शिंका येणाऱ्या काहींना कोळंबी सोसत नाही. माशांची ॲलर्जी मात्र पार्व्हाल्ब्युमिन या वेगळ्या प्रथिनाची, त्यामुळे कोळंबी वर्ज्य असलेला माणूस पापलेट सुखाने खाऊ शकतो. या दोन्हींत आयोडीनचा काडीचा संबंध नाही. तरीही ‘मासे चालत नाहीत ना, मग सीटी स्कॅनचं आयोडीनवालं इंजेक्शन चालणार नाही’ हा समज अजून दवाखान्यांतसुद्धा टिकून आहे.

रेणूचा माग काढण्याची सर्वांत विलक्षण गोष्ट मात्र अमेरिकेतली आहे. आतड्याच्या कर्करोगावर सेटुक्सिमॅब हे औषध २००४मध्ये तिथे आलं. काही रुग्णांना पहिलीच सलाइन चढत असताना रक्तदाब कोसळून जिवावर बेतलं. विचित्र असं की टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलिना या राज्यांत पाचातल्या एकाहून जास्त रुग्णांना हा त्रास झाला आणि ईशान्येकडच्या शहरांत जवळपास कुणालाच नाही. पहिल्याच डोसला ॲलर्जी म्हणजे शरीर आधीपासून तयार होतं. कशाने? व्हर्जिनिया विद्यापीठातले थॉमस प्लॅट्स-मिल्स आणि सहकाऱ्यांनी २००८मध्ये उत्तर दिलं. औषध उंदराच्या पेशींत बनवलेलं होतं आणि त्यावर अल्फा-गॅल नावाची एक शर्करा चिकटलेली होती. बहुतेक सस्तन प्राण्यांत ती असते. माणसात आणि त्याच्या जवळच्या माकडांत नसते. या रुग्णांच्या रक्तात या शर्करेविरुद्धचे आयजीई औषध मिळण्याआधीपासून होते.

ते तिथे आले कुठून, हा पुढचा प्रश्न. त्या राज्यांत लोन स्टार नावाची गोचीड फार. ती चावली की तिच्या लाळेतून अल्फा-गॅल त्वचेत जातं आणि शरीर त्याच्याविरुद्ध तयारी करून बसतं. मग पुढे कधीतरी तो माणूस रात्री डुकराचं, गाईचं किंवा बकऱ्याचं मटण खातो आणि मध्यरात्री अंगभर गांधी घेऊन जागा होतो. प्लॅट्स-मिल्स यांना स्वतःलाही डोंगरात भटकताना गोचिडी चावल्या आणि नंतर मटण खाल्ल्यावर रात्री हेच घडलं. जेवण आणि त्रास यांत साधारण तीन ते सहा तास जातात, कारण ही शर्करा चरबीबरोबर सावकाश रक्तात येते असं मानलं जातं. इतकी वर्षं हे कुणाच्या लक्षात न येण्याचं कारणही तेच. अशा काही रुग्णांना कॅप्सूलचं जिलेटिनही सोसत नाही, कारण तेही जनावराच्याच हाडाकातड्याचं. २०१० नंतर अमेरिकेत साडेचार लाखांपर्यंत लोकांना ही ॲलर्जी झाली असावी, असा तिथल्या रोगनियंत्रण केंद्राचा अंदाज आहे. चिकन आणि मासे त्यांना चालतात.

म्हणजे अन्नाची ॲलर्जी त्वचेच्या दारानेही आत शिरते. जपानमध्ये याचा पुरावा साबणाने दिला. तिथे चेहऱ्याच्या एका लोकप्रिय साबणात गव्हाच्या प्रथिनाचे तुकडे घातले होते. तो वापरणाऱ्या दोन हजारांहून अधिक लोकांना, बहुतेक बायकांना, पुढे गव्हाची ॲलर्जी जडली. आयुष्यभर नूडल्स आणि पाव खाल्लेल्या माणसांना! त्यातल्या अनेकींना गहू खाऊन चालायला, पळायला गेलं की त्रास व्हायचा. बसून राहिलं तर कमी. आपल्याकडेही जिमला जाण्याआधी दोन चपात्या खाल्ल्या तरच अंगावर पित्त उठतं अशी तक्रार असेल तर ती हसण्यावारी नेऊ नये. गहू आणि व्यायाम यांची ही जोडी वैद्यकाला चांगली माहीत आहे.

कधी पीठ निर्दोष असतं आणि गुन्हेगार पिठात राहतो. दमट हवेत बरेच दिवस उघड्या राहिलेल्या मैद्यात डोळ्यांना न दिसणारे किडे वाढतात, धुळीतल्या किड्यांचेच जातभाई. त्या पिठाचे पॅनकेक किंवा भजी खाल्ल्यावर धुळीची ॲलर्जी असलेल्या माणसाला थेट ॲनाफिलॅक्सिस होऊ शकतो, म्हणजे श्वास आणि रक्तदाब दोन्हींवर घाला. तळल्या-भाजल्यानेही किड्यांतली ही प्रथिनं पुरती मोडत नाहीत. पीठ हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवणं एवढाच त्यावर उपाय, आणि आपल्या पावसाळ्यात तो सोपा आहे.

बांगड्याचं प्रकरण मात्र वेगळंच. बर्फाशिवाय राहिलेल्या बांगड्यात, तारलीत किंवा कुप्यात जिवाणू हिस्टामिन तयार करतात. ते शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर तोंड लालबुंद, डोकं ठणकतं, गांधी उठतात, हुबेहूब ॲलर्जी. पण ही विषबाधा आहे. एकाच पंगतीत तोच मासा खाल्लेल्या दोघा-तिघांना एकदम असं झालं तर मासेवालीला जाब विचारावा. बांगडा जन्मभर सोडायची गरज नाही.

रोजच्या वापरातल्या वस्तूंचं काय? टिकलीच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्युटिल फिनॉलचं रेझिन असू शकतं. त्याने कपाळावर खाज येते आणि काहींना टिकलीच्याच आकाराचा पांढरा डाग पडतो. तो पाहून घरात ‘कोड’ म्हणून रडारड होते. खोट्या दागिन्यांतलं निकेल घामात विरघळून त्वचेत शिरतं; कानाची पाळी, गळा, पँटच्या बटणाखालची बेंबीजवळची जागा ही त्याची ठिकाणं. निकेल ओळखायला डायमिथाइलग्लायॉक्झिमची साधी चाचणी आहे: द्रावणाचा थेंब घेतलेला कापूस दागिन्यावर घासायचा, निकेल सुटत असेल तर कापूस गुलाबी होतो. केसांच्या काळ्या डायमध्ये आणि लग्नातल्या ‘काळ्या मेंदी’त पीपीडी (पॅरा-फेनिलीनडायमिन) हे रसायन असतं, ते ज्यांना सोसत नाही त्यांची त्वचा फोडांसह सोलून काढतं. पुण्याच्या आसपास १९५०च्या दशकात नजरेत भरलेलं आणि मग देशभर पसरलेलं गाजरगवत चेहरा, पापण्या आणि मान धरतं. शेतकऱ्याला वाटतं ऊन बाधलं. त्याच कुळातली शेवंती मग हार करणाऱ्यालाही नडते. रबरी हातमोजे आणि फुगे ज्यांना चालत नाहीत, त्यांतल्या काहींना केळं, किवी, पपईही चालत नाही. रबराच्या झाडातली संरक्षक प्रथिनं या फळांतही असतात.

त्वचेवर उशिरा उठणाऱ्या अशा ॲलर्जींचा छडा लावणारी पॅच टेस्ट १८९५मध्ये त्वचारोगतज्ज्ञ योसेफ याडासोन यांनी मांडली आणि आजही तशीच चालते. पाठीवर संशयित रसायनांच्या चकत्या चिकटवायच्या, ४८ तास आंघोळ नाही, घाम गाळायचा नाही, मग चकत्या काढून दोन वेळा तपासायचं. कंटाळवाणी आहे, पण खात्रीची. याउलट रक्ताच्या एका नळीत ‘दोनशे पदार्थांची ॲलर्जी’ सांगणाऱ्या आयजीजी (आयजीईहून वेगळ्या जातीच्या प्रतिपिंडांच्या) चाचण्यांवर पैसे घालवू नयेत. आयजीजी वाढलेलं असणं म्हणजे तो पदार्थ तुम्ही खाता, एवढंच. त्या अहवालाच्या भरवशावर लहान मुलांचं दूध, गहू, डाळ बंद करणारे पालक पाहिले की चीड येते.

औषधांत सर्वांत फसवी खूण आहे ‘फिक्स्ड ड्रग इरप्शन’. जुलाब थांबवायची गोळी घेतली की ओठावर किंवा हातावर जांभळट डाग उठतो, बरा होतो, काळसर खूण राहते. वर्षाने तीच गोळी घेतली की डाग त्याच जागी. सल्फा, टिनिडाझोल, काही वेदनाशामकं हे नेहमीचे संशयित. इथे ब्रँडचं नाव लक्षात ठेवून उपयोग नसतो; एकाच गोळीत दोन-तीन औषधं असतात आणि तीच औषधं वीस नावांनी विकली जातात. पाकीट जपून ठेवा आणि मागचं बारीक अक्षरातलं मूळ नाव लिहून घ्या. उलट बाजूही आहे. अमेरिकेत दर दहांतल्या एकाच्या कागदावर ‘पेनिसिलिनची ॲलर्जी’ लिहिलेलं असतं. रीतसर तपासलं तर त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिकांना ती नसते. लहानपणीच्या तापातलं पुरळ औषधाच्या माथी मारलेलं असतं. तेवढ्यावरून माणूस जन्मभर महागडी आणि जास्त त्रासदायक प्रतिजैविकं घेत राहतो.

दुर्मीळ ॲलर्जी असलेल्याला आजारापेक्षा माणसांचा जाच अधिक होतो. शेंगदाण्याचं नाव काढलं तर लोक ऐकतात. हरभरा किंवा वांगं म्हटलं की ‘नखरे’ ठरतात, आणि पंगतीत कुणीतरी मावशी प्रेमाने ‘एवढंसं खाऊन बघ’ म्हणतेच. हरभऱ्याची आणि वांग्याची ॲलर्जी भारतीय संशोधकांनी नोंदवलेली आहे. पण आपल्या लेबलच्या नियमांत सक्तीने जाहीर करायच्या यादीत ग्लुटेनची धान्यं, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व सुकामेवा, सोयाबीन आणि सल्फाइट आहेत. तीळ, मोहरी, हरभरा नाहीत. अमेरिकेने २०२३पासून तिळाचा समावेश केला. आपल्याकडे घटकांची यादीच वाचावी लागते, आणि तीही डोळ्यात तेल घालून: बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, त्यामुळे गहू वर्ज्य असलेल्याला साध्या वरणाच्या फोडणीतूनही गहू मिळतो. पीठ न मिसळलेला शुद्ध हिंग घ्यावा.

ज्यांना एकदा घसा आवळणं किंवा भोवळ येणं झालं आहे त्यांनी एक गोष्ट डॉक्टरकडून शिकून घ्यावी. ॲनाफिलॅक्सिसवर पहिलं औषध ॲड्रेनालिन. अंगावरच्या पित्ताची (अँटिहिस्टामिन) गोळी नव्हे, स्टिरॉइडही नव्हे. परदेशात पेनसारखी तयार इंजेक्शनं मिळतात, आपल्याकडे ती औषधाच्या दुकानात सहज मिळत नाहीत. मिळते ती १ मिलिग्रॅमची काचेची स्वस्त कुपी. प्रौढाला त्यातलं अर्धं, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत, कपड्यावरूनही चालतं. मग रुग्णाला आडवं करून पाय वर. उभं करायचं नाही, चालवायचं नाही. श्वास लागत असेल तर बसू द्यायचं. बरं वाटलं तरी रुग्णालयात न्यायचं, कारण काही तासांनी दुसरी लाट येऊ शकते.