नवख्या श्रोत्यासाठी वाद्यवृंद: एका परंपरेची पार्श्वभूमी

पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या कार्यक्रमाला पहिल्यांदा गेलेल्या माणसाला टाळी केव्हा वाजवायची याचाच धाक अधिक वाटतो. सिम्फनीचे, म्हणजे वाद्यवृंदासाठी रचलेल्या दीर्घ कृतीचे, बहुधा चार भाग (मूव्हमेंट) असतात आणि त्यांच्यामधल्या शांततेत कुणी टाळी वाजवली तर आजूबाजूच्या माना वळतात. हा संकेत मात्र मोझार्टच्या काळी नव्हता. 1778 च्या जुलैमध्ये पॅरिसहून वडिलांना लिहिलेल्या पत्रात त्याने आपल्या नव्या सिम्फनीविषयी आनंदाने कळवले आहे की, पहिल्या भागातली एक जागा लोकांना आवडणार हे रचतानाच ठाऊक होते आणि तिथे वादन चालू असतानाच टाळ्या पडल्या. शेवटचा भाग त्याने मुद्दाम फक्त व्हायोलिनवर, अगदी हलक्या आवाजात सुरू केला. त्यामुळे श्रोते एकमेकांना गप्प करू लागले आणि लगेच सगळा वाद्यवृंद उसळला तेव्हा पुन्हा टाळ्या झाल्या. जागेवर दाद देणाऱ्या आपल्या श्रोत्याला हे वर्णन मुळीच परके वाटू नये.

एकोणिसाव्या शतकात सिम्फनी लांबत गेली, तिची बांधणी गुंतागुंतीची झाली आणि निःशब्द बसून ऐकण्याची शिस्त रुजली. त्याबरोबर श्रोत्याला वाट दाखवण्याची गरजही निर्माण झाली. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या कार्यक्रमांसाठी 1856 पासून जॉर्ज ग्रोव्ह रचनांची ओळख करून देणारी टिपणे लिहू लागला. तो शिक्षणाने स्थापत्य अभियंता होता, संगीताचा व्यावसायिक नव्हे. त्याच्या टिपणांचे महत्त्व मला त्यामुळेच विशेष वाटते. लंडनमध्येच 10 ऑगस्ट 1895 रोजी क्वीन्स हॉलमध्ये प्रॉमेनाड कार्यक्रम सुरू झाले. आधी लोकप्रिय रचना वाजवायच्या आणि हळूहळू पातळी उंचावत श्रोता घडवायचा, अशी व्यवस्थापक रॉबर्ट न्यूमन याची योजना होती. वादनाची धुरा तरुण हेन्री वुडकडे होती. एका शिलिंगात उभ्याने ऐकता येई, आणि खाण्यापिण्याला मज्जाव नव्हता.

मुलांसाठी 1936 मध्ये मॉस्कोत रशियन संगीतकार प्रोकोफिएव्हने ‘पीटर अँड द वुल्फ’ ही वाद्यवृंदातून सांगितलेली गोष्ट रचली, त्यात पक्ष्याला बासरी, बदकाला ओबो, मांजराला क्लॅरिनेट आणि लांडग्याला तीन हॉर्न दिले. परंतु वाद्यवृंद उलगडून दाखवणारी याहून नेमकी रचना म्हणजे इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटनची ‘द यंग पर्सन्स गाइड टू द ऑर्केस्ट्रा’. ती एका शैक्षणिक चित्रपटासाठी लिहिली गेली आणि 1946 मध्ये लिव्हरपूलला प्रथम मैफलीत वाजली. सतराव्या शतकातल्या हेन्री पर्सेलची एक धून आधी सगळे मिळून वाजवतात, मग लाकडी फुंकवाद्ये, पितळी वाद्ये, तंतुवाद्ये आणि तालवाद्ये असे एकेक कुटुंब ती मांडते. पुढे तेरा व्हेरिएशनमध्ये, म्हणजे त्याच धुनेच्या बदललेल्या रूपांत, प्रत्येक वाद्याला स्वतःची जागा मिळते. अखेरीस पिकोलो या चिमुकल्या बासरीपासून एक चपळ फ्यूग सुरू होतो, म्हणजे एकच सुरावट वाद्ये एकामागून एक उचलत जातात, आणि ती धावपळ चालू असतानाच पितळी वाद्ये पर्सेलची मूळ धून संथपणे वर आणतात. दोन्ही धुना एकाच वेळी वेगळ्या ओळखू आल्या की कानाला सिम्फनीची वाट सापडली असे समजावे. यासाठी सतरा-अठरा मिनिटे पुरतात.

मुंबईत व्हायोलिनवादक मेहली मेहता यांनी 1935 मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. 2006 मध्ये तिथल्याच एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) या कलासंस्थेत सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला. या दोहोंच्या मधला दुवा गोव्याचा आहे. चर्चच्या शाळांतून नोटेशन वाचायला शिकलेले गोमंतकीय वादक मुंबईत आले आणि हिंदी चित्रपटगीतांमागच्या व्हायोलिनच्या तुकड्या त्यांनी घडवल्या. त्यांच्यापैकीच माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी 1958 मध्ये इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभारून मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात रागांवर बेतलेल्या स्वतःच्या रचना सादर केल्या, आणि त्यात लता मंगेशकर व मन्ना डे गायले.