प्रतिसादी प्रकाश-ध्वनी नृत्य

नर्तकाच्या हालचाली संवेदकांनी वा कॅमेऱ्याने टिपून त्यांनुसार रंगमंचावरील प्रकाश, प्रक्षेपित चित्रे आणि ध्वनी त्याच क्षणी बदलणारा समकालीन नृत्याचा एक प्रकार. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले, तेव्हाच्या पद्धतीत सूत्रधार पदे गात असे आणि पात्रे त्या पदांमागून चालत. या नृत्यप्रकारात हा क्रम उलटतो: आधी पाऊल पडते, मग स्वर उमटतो.

रशियन संशोधक लेऑन थेरेमिन यांनी १९३२ मध्ये न्यूयॉर्क येथे नर्तकाच्या शरीराच्या हालचालीने स्वर चढता-उतरता ठेवणारा मंच दाखवला होता. अमेरिकन संगीतकार जॉन केज आणि नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम यांच्या १९६५ मधील ‘व्हेरिएशन्स फाइव्ह’ या प्रयोगात मंचावर प्रकाशविद्युत घट (प्रकाशातील बदल टिपणारे संवेदक) व अँटेना बसवले होते; नर्तक त्यांच्याजवळून गेला की ध्वनी जागा होई, पण त्याचे रूप काय राहील ते वादकांच्या हाती असे. पुढे २०१० मध्ये बाजारात आलेल्या किनेक्ट या शरीराच्या हालचाली टिपणाऱ्या कॅमेऱ्यामुळे हे तंत्र लहान संस्थांच्याही आवाक्यात आले.

या प्रकाराची खरी कसोटी विलंबाची आहे. सेकंदाला ३० चित्रे टिपणाऱ्या कॅमेऱ्यात दोन चित्रांमध्येच सुमारे ३३ मिलिसेकंद जातात. त्यात संगणकाच्या आकडेमोडीची आणि प्रक्षेपकाची भर पडली, की प्रकाशाचे वर्तुळ नर्तकाच्या पायाखाली न राहता मागे फरफटू लागते. लावणीतील ढोलकीवालाही नाचणारीच्या पावलांवर नजर ठेवूनच वाजवतो. मात्र तिचे पाऊल उचलले जाताच ते कुठे पडणार, हे तो ताडतो. साध्या आज्ञावलीला पाऊल पडून गेल्यावरच कळते. म्हणून काही आज्ञावलीकार हालचालीच्या वेगावरून पुढच्या स्थानाचा अंदाज बांधतात, तर काही नृत्यरचनाकार हा विलंबच सावलीसारखा वापरून घेतात. दुसरा मार्ग अनेकदा अधिक देखणा ठरतो.

प्रक्षेपित चित्रांनी कॅमेऱ्याची फसगत होऊ नये, म्हणून नर्तकाचा माग सहसा अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या, प्रकाशात घेतला जातो. उन्हातही हा प्रकाश भरपूर असतो, त्यामुळेच दिवसा उघड्या मांडवात असा प्रयोग सहसा जमत नाही. सांगलीसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी नाट्यगृहात हॅलोजन दिवे असतील, तर त्यांच्यातूनही भरपूर अवरक्त प्रकाश बाहेर पडत असल्याने ते प्रयोगापुरते बंद ठेवून एलईडी दिव्यांवर भागवावे लागते.