नको तो उजेड अडवताना

समुद्र निळा का? आकाशाचं प्रतिबिंब पडतं म्हणून, असं उत्तर इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांच्यासारख्या दिग्गजानेही दिलं होतं. सप्टेंबर 1921 मध्ये इंग्लंडहून परतताना सी. व्ही. रामन 'नारकुंडा' बोटीवर निकोल प्रिझम (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारा स्फटिक) घेऊनच होते. ठरावीक कोनातून पाहत प्रिझम फिरवला की पाण्यावरून परावर्तित होणारा आकाशाचा उजेड कापला जातो. तो कापल्यावर निळाई उलट खुलली. म्हणजे ती पाण्याच्या आतून येत होती. बोट मुंबई बंदरात लागली तेव्हा, 26 सप्टेंबरची तारीख घालून, त्यांनी 'नेचर' या विज्ञान नियतकालिकाला तसं पत्र लिहिलं. निरीक्षणं खोल समुद्रातली होती हे बरं झालं. पावसाळा सरतानाचं आपल्या खाड्यांचं पाणी बघून निळाईचा प्रश्न कुणाला पडला नसता.

1928 मध्ये कोलकात्यात रामन आणि के. एस. कृष्णन यांनीही नको तो उजेड अडवण्याचीच युक्ती वापरली. सूर्यप्रकाश निळ्या-जांभळ्या फिल्टरमधून द्रवावर सोडायचा आणि विखुरलेला उजेड पूरक रंगाच्या फिल्टरमधून पाहायचा. दोन्ही फिल्टर एकापुढे एक धरले तर अंधार व्हायला हवा. तरीही अंधुक उजेड दिसला. द्रवाने प्रकाशाचा रंग बदलला होता. हाच रामन परिणाम. रंग किती बदलतो ते पदार्थागणिक वेगळं, म्हणून त्यावरून पदार्थ ओळखता येतो.

हा बदललेला प्रकाश फारच थोडा असतो, ढोबळमानाने कोटीत एक फोटॉन. त्यामुळे पाऱ्याचा दिवा लावून फोटोची काच तासन् तास उघडी ठेवावी लागे. 1960 मध्ये लेझर आला. श्रेय सगळं त्यालाच मिळतं, पण माझ्या मते हा प्रकाश मोजणारं यंत्र टेबलावर मावू लागलं ते फिल्टरमुळे. लेझरचा मूळ रंग वगळायला आधी दोन-तीन मोनोक्रोमेटर (प्रकाशातून हवा तो रंग वेगळा काढणारी उपकरणं) एकापाठोपाठ जोडत. यंत्र अवजड व्हायचं आणि मोलाचा संकेतही वाटेत गळायचा. 1990च्या सुमारास होलोग्राफिक नॉच फिल्टर आले, पुढे ऑक्साइडच्या पातळ थरांचे एज फिल्टर. एवढासा तुकडा लेझरचा मूळ रंग अडवतो, बाकीचं जाऊ देतो. जोडीला अंधुक उजेडही टिपणारा सीसीडी कॅमेरा आला आणि एकच ग्रेटिंग (प्रकाशाचे रंग फाकवणारी बारीक रेघांची पट्टी) पुरू लागलं.

प्रतिमा घेण्याची वाट 1970च्या दशकात सूक्ष्मदर्शक जोडल्यावर मोकळी झाली. नमुना बिंदू-बिंदूने सरकवत प्रत्येक ठिकाणचा प्रकाशपट, म्हणजे कोणत्या रंगाचा उजेड किती याचा आलेख, घ्यायचा आणि त्यातून नकाशा रंगवायचा. वेळखाऊ काम.

किनाऱ्यावरच्या वाळूतले प्लास्टिकचे कण ओळखायला हे तंत्र कामाला येतं. पाण्याचा स्वतःचा रामन संकेत दुबळा, त्यामुळे ओला कणही चालतो. अडचण शेवाळाच्या थराची. तो लेझरखाली स्वतःच चमकतो आणि पॉलिथिलीनची शिखरं त्यात बुडतात. म्हणून नमुना हायड्रोजन पेरॉक्साइडने धुतात, किंवा 785 नॅनोमीटरचा, म्हणजे लालच्या पलीकडचा, लेझर घेतात. त्याखाली ही चमक बरीच कमी होते. जाळ्याच्या निळ्या-हिरव्या धाग्याचा तुकडा असेल तर मात्र त्यातलं थॅलोसायनिन रंगद्रव्यच जोरात बोलतं आणि धागा नायलॉनचा की पॉलिथिलीनचा, हे कळत नाही. इथे फिल्टरचा इलाज चालत नाही, कारण तो लेझरचा मूळ रंग अडवतो आणि रंगद्रव्याचा संकेत येतो तो प्लास्टिकच्याच पट्ट्यातून.