रम्बल (१९५८) : फाटलेल्या आवाजाची रचना

रम्बल : अमेरिकन गिटारवादक लिंक रे (१९२९–२००५) आणि त्यांच्या साथीदारांनी वाजवलेली, शब्द नसलेली रॉक अँड रोल रचना. केडन्स रेकॉर्ड्स या कंपनीने तिची तबकडी मार्च १९५८ मध्ये बाजारात आणली. लांबी जेमतेम अडीच मिनिटे. बिलबोर्ड या अमेरिकन संगीत नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ती १६व्या क्रमांकापर्यंत चढली. गिटारचा आवाज फाटलेल्या तबकड्या याआधीही निघाल्या होत्या. पण तो फाटलेला आवाज मध्यभागी ठेवून, त्याला मानवेल इतकेच संगीत त्याच्याभोवती ठेवलेली लोकप्रिय तबकडी म्हणून रम्बलचे स्थान वेगळे आहे. पुढे रॉकने उचलली ती हीच गोष्ट.

लिंक रे नॉर्थ कॅरोलायनातील डन गावचे. शॉनी या मूळ अमेरिकन जमातीशी त्यांचे नाते होते. लष्करी सेवेनंतर क्षयाने त्यांचे एक फुफ्फुस काढावे लागले आणि गाण्याला मर्यादा आल्या. शब्दांविना वाजवण्याकडे ते अधिक वळले, त्याला हे मोठे कारण होते. ड्रमवर भाऊ डग रे आणि बेसवर शॉर्टी हॉर्टन, म्हणजे गिटार धरून अवघी तीन वाद्ये. व्हर्जिनियातील फ्रेडरिक्सबर्गच्या एका नाचाच्या कार्यक्रमात त्यांच्याकडे ‘स्ट्रोल’ या संथ नाचाच्या ठेक्याची फर्माईश झाली. तो ठेका बसवलेला नव्हता, म्हणून तिथेच एक रचना उभी राहिली. एका भावाने गाण्याचा मायक्रोफोन गिटारच्या लहान अ‍ॅम्प्लिफायरसमोर धरला होता. त्या गोंगाटी, जड आवाजावर श्रोते इतके खूश झाले की त्यांनी रचना पुन्हापुन्हा वाजवायला लावली. तेव्हा तिला ‘ऑडबॉल’ म्हणत.

स्टुडिओत तोच आवाज निघेना. स्वच्छ ध्वनिमुद्रणात गिटार अगदी सोवळी वाटू लागली. तेव्हा रे यांनी अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकरच्या कागदाला पेन्सिलीने भोके पाडली. कंपनीचे प्रमुख आर्ची ब्लेयर यांना रचना मुळीच आवडली नव्हती. त्यांच्या सावत्र मुलीला मात्र ती फार आवडली आणि तबकडी निघाली. ‘रम्बल’ हा त्या काळी टोळक्यांच्या मारामारीसाठी रूढ असलेला बोलीतला शब्द. या नावामुळे आणि आवाजातल्या दमदाटीमुळे, तरुण बिथरतील या भीतीने काही शहरांतल्या रेडिओ केंद्रांनी ती वाजवायचे नाकारले. एकही शब्द नसलेल्या रचनेवर अशी बंदी यावी, यावरून त्या आवाजाचा तेव्हा बसलेला धक्का कळतो.

आवाज फाटतो म्हणजे काय होते? तारेचे कंपन पिकअपमधून, म्हणजे तारांखालच्या चुंबकीय कॉइलमधून, विजेची लाट होऊन अ‍ॅम्प्लिफायरकडे जाते. आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळीला, म्हणजे व्हॉल्व्हला, किती व्होल्टेज बाहेर देता येईल याला मर्यादा असते. तिच्यापलीकडे लाट ढकलली की तिचा शेंडा चपटा होतो. गोल लाट चौकोनाकडे झुकते आणि मूळ स्वरात नसलेले, किंवा क्षीण असलेले, वरचे स्वर त्यात मिसळतात. शिवाय जोराचा आघात आणि त्यामागची विरत जाणारी गुंज यांच्यातले अंतर घटते, म्हणून स्वर जास्त वेळ टिकल्यासारखा वाटतो. आपल्याकडे तंबोऱ्याची जवारी काढतात त्यामागेही वरचे स्वर खुलवण्याचीच इच्छा असते. तिथे मात्र ते काम घोडीचा पृष्ठभाग आणि सुताचा धागा करतात, वीज नव्हे.

भोके पाडलेल्या स्पीकरची गोष्ट वेगळी आहे. तिथे कागदाच्या फाटक्या कडा स्वतंत्रपणे फडफडतात आणि प्रत्येक स्वराबरोबर एक खरखर जोडली जाते. ही यांत्रिक खरखर विजेच्या तारेतून मिळत नाही, ती मायक्रोफोननेच पकडावी लागते. तिचे तोटेही बरेच. भोकातून हवा निसटते आणि खर्जातले स्वर अशक्त होतात. चीर दर कार्यक्रमात थोडी वाढते. स्पीकरच्या कागदी शंकूचा तोल गेला की आतली कॉइल चुंबकाच्या फटीत घासू लागते आणि मग सुरेल गुरगुर जाऊन नुसता किरकिराट उरतो. गोंद लावून चीर थांबते, जुना आवाज परत येत नाही.

रम्बलची खरी हुशारी रचनेत आहे. सुरुवात डी, डी आणि ई या कॉर्डच्या, म्हणजे एकत्र छेडलेल्या स्वरांच्या, तीन ठोक्यांची. तिसरा ठोका लांब सोडलेला. पुढे ए आणि बी सेव्हन येतात आणि शेवटी ई पेंटॅटॉनिक या पाच स्वरांच्या सप्तकाची उतरण खालच्या तारेपर्यंत येते. लय इतकी संथ की दोन आघातांमधल्या जागेत फाटलेल्या आवाजाची शेपटी पूर्ण ऐकू येते. याच सुरावटी दुप्पट लयीत वाजवल्या तर ती शेपटी पुढच्या आघाताखाली दबते आणि सगळा परिणाम जातो.

या कॉर्डची निवडही फाटलेल्या आवाजाला मानवणारी आहे. गिटारवर उघड्या ई, ए आणि डी या तिन्ही मेजर कॉर्डच्या सर्वांत जाड तीन तारांवर क्रमाने षड्ज, पंचम आणि वरचा षड्ज येतो. गंधार त्यावरच्या तारेवर असतो. याचे महत्त्व आकड्यांत कळते. दोन स्वर एकत्र फाटले की त्यांच्या कंपनसंख्यांची वजाबाकी आणि बेरीज असे नवे स्वरही जन्मतात. खालचा ई ८२.४ हर्ट्झ आणि त्याचा पंचम बी १२३.५ हर्ट्झ घेतला तर वजाबाकी ४१.१, म्हणजे जवळजवळ नेमका खालच्या सप्तकातला षड्ज. आवाज एकाएकी जाड होतो तो यामुळे. बेरीज २०५.९, आणि हा ई चा नैसर्गिक गंधार आहे. तंबोऱ्यातून स्वयंभू गंधार ऐकू येतो तसा तो न वाजवताच उमटतो. आता पंचमाऐवजी खालचाच गंधार जी शार्प (१०३.८ हर्ट्झ) दाबला तर वजाबाकी २१.४ आणि बेरीज १८६.२ येते. हे स्वर कॉर्डमध्ये नीट बसत नाहीत आणि आवाज गढूळ होतो. उघड्या बी सेव्हनमध्ये बी च्या लगेच वरच्या तारेवरच गंधार डी शार्प येतो, म्हणून ती कॉर्ड बाकीच्यांपेक्षा जास्त चिडकी ऐकू येते.

गंधार पूर्ण गाळून उरणाऱ्या षड्ज-पंचमाच्या जोडीला पॉवर कॉर्ड म्हणतात. रम्बलला पहिल्या पॉवर कॉर्डचे श्रेय सर्रास दिले जाते. ते जरा ताणलेले आहे, कारण इथल्या कॉर्ड पूर्ण मेजरच्या आहेत. फाटलेल्या आवाजात जाड तारांवरचे षड्ज-पंचम किती भारदस्त होतात हे मात्र या तबकडीने लाखो कानांना दाखवले.

आधीच्या पायऱ्या विसरता येत नाहीत. १९५१ मध्ये मेम्फिसमध्ये सॅम फिलिप्स यांच्या स्टुडिओत मुद्रित झालेल्या ‘रॉकेट ८८’ मध्ये गिटारवादक विली किझार्ट यांचा बिघडलेला अ‍ॅम्प्लिफायर कागद कोंबून वापरला होता. मात्र तिथे गिटार गाण्याच्या आणि सॅक्सोफोनच्या मागे, बेसच्या चालीने चालते. रम्बलमध्ये तिच्यापुढे कोणीच नाही.

नंतरचा धागा इंग्लंडमध्ये सापडतो. द हू या बँडचे पीट टाउनशेंड आणि लेड झेपलिनचे जिमी पेज या दोघा गिटारवादकांनीही आपल्यावरचा रम्बलचा परिणाम उघडपणे सांगितला आहे. १९६४ मध्ये किंक्स या बँडचे गिटारवादक डेव्ह डेव्हिस यांनी एल्पिको या लहान अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकरचा कागद ब्लेडने चिरला, त्याचा आवाज व्हॉक्स कंपनीच्या मोठ्या उपकरणात सोडला आणि ‘यू रिअली गॉट मी’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. तिथे पॉवर कॉर्ड निखळ आहेत. दरम्यान १९६२ मध्ये मेस्ट्रो फझ-टोन ही पायाने चालू-बंद करायची पेटी आली. तीन जर्मेनियम ट्रान्झिस्टर, दीड व्होल्टचे दोन सेल, आणि स्पीकर फाडायची गरज संपली. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सचे कीथ रिचर्ड्स यांनी ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये ती वापरली आणि पेटीला तुफान मागणी आली.

हा आवाज आज काढायचा तर स्पीकरला हात लावू नये. पी-९० या जुन्या धाटणीच्या पिकअपची गिटार आणि ५ ते १५ वॅटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर पुरतो. आवाजाचे बटण हळूहळू चढवावे. हलका स्ट्रोक स्वच्छ राहतो आणि जोराचा स्ट्रोक फाटतो, तिथे थांबावे. बहुतेकांची चूक गेन, म्हणजे फाटण्याचे प्रमाण, जास्त ठेवण्याची होते. मग हलका-जोराचा फरकच उरत नाही आणि मधल्या शांत जागा सुसकाऱ्याने भरून जातात. दुसरी चूक ट्रेमोलोची. रम्बलच्या शेवटाकडे आवाज थरथरू लागतो तो ट्रेमोलोमुळे, म्हणजे आवाजाची पातळी ठराविक गतीने कमी-जास्त केल्यामुळे. ट्रेमोलो फाटण्याच्या आधी लावला तर चपटी झालेली लाट त्याचा चढउतार गिळून टाकते. तो नेहमी फाटण्याच्या नंतर, साखळीत शेवटी असावा. ट्रेमोलोच्या चढउताराचे प्रमाण प्रथम कमी ठेवून अखेरच्या आवर्तनात वाढवत न्यावे. उजव्या हाताने तारा लगेच दाबू नयेत. तिसरा ठोका आपणहून विरू द्यावा.

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ही तबकडी २००८ साठीच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत घेतली. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने २०१८ मध्ये तिला निवडक गाण्यांच्या यादीत स्थान दिले आणि २०२३ मध्ये लिंक रे यांचा संगीतावरील प्रभावासाठी समावेश केला. रे तोपर्यंत हयात नव्हते. ५ नोव्हेंबर २००५ रोजी कोपनहेगन येथे त्यांचे निधन झाले.