घडीच्या छताची कार शेड

घराच्या बाजूच्या मोकळ्या जागेत चारचाकीसाठी उभारलेली, भिंती नसलेली हलकी शेड. तिचे छत गरजेनुसार पसरता येते आणि नको तेव्हा दुमडून एका कडेला सारता येते. पत्र्याच्या कायम शेडपेक्षा ती महाग पडते आणि तिची निगाही जास्त राखावी लागते. तरीही ती निवडण्यामागे बहुधा गाडीपेक्षा घराचाच विचार असतो. स्वयंपाकघराची खिडकी ज्या बाजूला आहे तिथे पत्रा घातला तर आत दिवसाही दिवा लावावा लागतो. हिवाळ्यात अंगणात ऊन हवे असते, एप्रिलमध्ये वाळवणाला जागा लागते आणि बोअरवेलची गाडी मागच्या बाजूला न्यायची झाली तर डोक्यावर काही नको असते.

पूर्वपीठिका

उघड्या कार शेडचे अमेरिकेतले गाजलेले आरंभीचे उदाहरण म्हणजे फ्रँक लॉइड राइट यांनी विस्कॉन्सिनमधील मॅडिसन येथे बांधलेले, १९३७ मध्ये पूर्ण झालेले जेकब्ज घर. दुमडत्या छताची परंपरा त्याहून फार जुनी आहे. रोमच्या कलोसियमवर दोर आणि कापडाची सावली ओढली जाई. आधुनिक काळात जर्मन वास्तुविशारद फ्राय ओटो यांनी १९६८ मध्ये जर्मनीतील बाड हर्सफेल्ड येथे एका पडक्या मठावर सरकते कापडी छत बसवले. आपल्याकडे ज्याने व्हिक्टोरिया घोडागाडीचा किंवा रिक्षाचा हूड मागे पडताना पाहिला आहे, त्याला या यंत्रणेचे तत्त्व वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

प्रकार

कमानीचा हूड, भिंतीवरून पुढे येणारे कोपरबाहूचे ऑनिंग (कोपरासारख्या दुमडत्या दांड्यांवरचे कापडी छप्पर), बिजागऱ्यांवर दुमडणारे पॉलिकार्बोनेटचे पॅनेल, तारांवर सरकणारे कापड आणि ट्रॅकवर सरकणारे चुणीदार कापड असे पाच प्रकार वापरात आहेत. हूडला दोन्ही बाजूंना मोकळी जागा लागते. ऑनिंग उन्हासाठी ठीक, पण चार महिन्यांच्या पावसासाठी ते बनवलेलेच नसते. पॅनेल मजबूत असतात, मात्र दुमडलेले पॅनेल भिंतीला टेकून उभे राहिले की खिडकी पुन्हा झाकली जाते. तारांचा प्रकार सर्वांत स्वस्त. त्याची अडचण ताणात आहे. साडेपाच मीटर लांबीच्या तारेवर दर मीटरला १५ किलो भार आणि मध्यभागी १०० मिमी झोळ (खाली लोंबणे) धरला तर तार दोन्ही टोकांना सुमारे ५७० किलोने ओढते. झोळ निम्मा करायला गेले की ताण दुप्पट होतो. विटांच्या कठड्यात ठोकलेला हूक एवढा ओढा सोसत नाही, म्हणून अशी तार आरसीसी तुळई किंवा खांबालाच धरावी. राहत्या बंगल्यासाठी ट्रॅकवरचे चुणीदार कापड सर्वांत व्यवहार्य ठरते. पुढील तपशील त्याचाच आहे.

जागा आणि उंची

एका गाडीसाठी खांबांच्या आतून ३ मीटर रुंदी आणि ५.५ मीटर लांबी घ्यावी. ४ मीटरच्या आतली गाडी २.७ मीटर रुंदीतही मावते, पण मग एका बाजूचे दार पुरते उघडत नाही. जमिनीवर चुन्याने रेघा मारून, गाडी उभी करून चारही दारे आणि डिकी उघडून पाहावी. कागदावरचा आराखडा जे दाखवत नाही ते इथे दिसते. आखणी काटकोनात आहे की नाही हे कर्ण मोजून कळते. ३ × ५.५ मीटरच्या चौकटीत दोन्ही कर्ण ६.२६ मीटर भरले पाहिजेत.

उंची ठरवताना भिंतीवरचा छज्जा पाहणे सगळ्यात महत्त्वाचे. जोते ४५० ते ६०० मिमी आणि लिंटेल (खिडकी-दारावरची आडवी तुळई) जोत्यापासून २.१ मीटरवर धरले, तर गाडीच्या जमिनीपासून छज्जा साधारण २.५५ ते २.७ मीटरवर येतो आणि ४५० ते ६०० मिमी पुढे असतो. शेडची उंच बाजू भिंतीकडे ३.१५ मीटरवर ठेवली की छत छज्जाच्या वरून जाते. दुमडलेल्या कापडाचा गठ्ठा सुमारे ४०० मिमी जाड होतो आणि ट्रॅकखाली २५० मिमी लोंबतो. तो बरोबर छज्जाच्या वर, त्याच्या सावलीएवढ्याच जागेत बसतो. खिडकीचा उजेड अडत नाही, आणि सगळ्या खर्चाचे सार्थक इथेच होते. बाहेरची बाजू २.४ मीटरवर ठेवली तरी उंच गाडीची डिकी उघडते, कारण गाडी भिंतीला समांतर उभी असते आणि डिकी छताच्या मध्याखाली येते. भिंतीवरचे पावसाळी पाईप, सांडपाण्याचे पाईप आणि एसीचे बाहेरचे युनिट आधी मोजून घ्यावे.

ढाळ आणि झोळ

३ मीटरमध्ये ७५० मिमी उतार म्हणजे २५ टक्के, साधारण १४ अंश. पत्र्याच्या सवयीने बरेच फॅब्रिकेटर १० टक्के ढाळ देतात आणि पहिल्याच पावसात छतावर डबकी साचतात. कारण सोपे आहे. कापडाखाली दर ५०० मिमीवर आडवी नळी असते आणि दोन नळ्यांमध्ये कापड थोडे खाली येते. हा झोळ नळ्यांमधील अंतर गुणिले ढाळ भागिले ४ यापेक्षा जास्त झाला की त्या पट्टीतले पाणी पुढे सरकत नाही. १० टक्के ढाळावर ही मर्यादा साडेबारा मिमी आहे, २५ टक्क्यांवर ३१ मिमी. नवे कापड साडेबारा मिमीत ताणून धरता येते, दुसऱ्या पावसाळ्यात नाही. सपाट छतावर ३० मिमी झोळाची एक पट्टी ५५ लिटर पाणी धरते; अशा सहा पट्ट्या म्हणजे ३३० किलो. पाण्याने कापड आणखी ताणले जाते, झोळ वाढतो, त्यात आणखी पाणी मावते आणि शेवटी नळी वाकते.

ढाळ घराकडून बाहेर असावा, पण पाणी शेजाऱ्याच्या हद्दीत पडता कामा नये. म्हणून बाहेरच्या तुळईला पन्हळ हवीच. तासाला १०० मिमी पावसात १६.५ चौरस मीटर छतावरून मिनिटाला २७ लिटरच्या आसपास पाणी येते. १०० × ७५ मिमीची पन्हळ आणि ७५ मिमीचा पाईप ते सहज वाहून नेतात, पाने अडकली नाहीत तर. आंब्याखाली शेड असेल तर पन्हळीवर जाळी लावावी. नारळाखाली मात्र कापडी छत घालूच नये.

वारा

पाऊस वरून येतो, पण शेड उडवतो वारा, तोही खालून. आयएस ८७५ भाग ३ (२०१५) या भारतीय मानकाप्रमाणे पुणे आणि नाशिकसाठी मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर, तर मुंबई आणि नागपूरसाठी ४४ मीटर धरतात. ३९ मीटर वेगाचा दाब चौरस मीटरला सुमारे ९३ किलो होतो. आकारगुणांक (छताच्या आकारामुळे त्या दाबाचा किती पट जोर लागतो तो आकडा) ढोबळ मानाने १ धरला तर पूर्ण छतावर दीड टनाचा उचल-जोर येतो. शेडचे स्वतःचे वजन जेमतेम २०० किलो. उरलेले वजन पायातल्या काँक्रीटमधून यावे लागते. ४५० × ४५० मिमीचा, ७५० मिमी खोल काँक्रीटचा ठोकळा ३६५ किलोचा होतो, असे चार म्हणजे १,४६० किलो. फरशीवर नुसते अँकर बोल्ट मारून उभी केलेली शेड या हिशेबात कुठेच बसत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा उडालेल्या पत्र्यांनी हे तत्त्व साऱ्या जिल्ह्याला दाखवले. गुणांक शेडच्या आकारावर आणि आजूबाजूच्या भिंतींवर बदलतो, म्हणून किनाऱ्यावर आणि उघड्या माळावर अभियंत्याकडून हिशेब करून घ्यावा.

सांगाडा पूर्ण वाऱ्याला टिकावा, कापड मात्र तोपर्यंत दुमडलेले असावे. ऑनिंगसाठीच्या ईएन १३५६१ या युरोपीय मानकात वर्ग ३ म्हणजे ताशी ४९ किलोमीटरपर्यंतचा वारा. साधे चुणीदार छत यापेक्षा फार पुढे टिकेल असे धरू नये. महाराष्ट्रात खरा धोका वळवाचा. एप्रिल-मेच्या दुपारी चार वाजता, घरी कोणी नसताना, दहा मिनिटांत वावटळ येते. त्यामुळे मोटर असेल तर वाऱ्याचा सेन्सर ताशी ३५ किलोमीटरवर लावावा. मोटर नसेल तर उन्हाळ्यात घराबाहेर पडताना छत मिटण्याची सवय ठेवावी. शिवाय बाहेरच्या कडेची बांधणी अशी ठेवावी की अती जोर आल्यास आधी तीच सुटेल. कापड फडफडले तर शिवता येते, खांब उपटला तर गाडीवरच येतो.

सांगाडा आणि कापड

खांब ७५ × ७५ × ३.२ मिमी चौकोनी पाईपचे, तुळया १०० × ५० मिमीच्या. बेसप्लेट २०० × २०० × १० मिमी आणि प्रत्येकीला १६ मिमीचे चार बोल्ट. भिंतीकडचे खांब घरापासून १०० ते १५० मिमी सुटे ठेवावेत, म्हणजे खांबांसाठी घराच्या गिलाव्याला हात लावावा लागत नाही. त्यांचे खड्डे घराच्या पायाच्या तळापेक्षा खोल नेऊ नयेत. कोकणात हॉट-डिप गॅल्व्हनायझिंगशिवाय (वितळलेल्या जस्तात बुडवून दिलेल्या लेपाशिवाय) लोखंड घेऊ नये. ॲल्युमिनियमचे ट्रॅक लोखंडाला जिथे टेकतात तिथे नायलॉनचे वॉशर घालावेत, नाहीतर खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम खाल्ले जाते.

ट्रॅक चार, एकमेकांपासून १.८ मीटरवर. ते वरपासून खालपर्यंत ३ मिमीच्या फरकात समांतर असले पाहिजेत. एक जरी तिरका गेला तर नळीची एक बाजू पुढे आणि दुसरी मागे राहते, ती कैचीसारखी अडकते आणि जोर लावला की रोलर फुटतो. हीच कैची दोर एकाच बाजूने ओढल्यावरही होते. म्हणून दोन्ही टोकांचे दोर एकाच शाफ्टवर गुंडाळावेत. मोटर बसवली तरी हाताने फिरवायची दांडी ठेवावीच, कारण वारा सुटतो तेव्हाच वीज जाते. मोटरच्या जोडणीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवा.

कापड पीव्हीसी लेप दिलेले पॉलिस्टर, चौरस मीटरला ६५० ग्रॅम किंवा जास्त. साधी ताडपत्री एक-दोन पावसाळ्यांत उन्हाने चिरते. हिरवी जाळी फक्त सावलीपुरती. २ मीटर पन्ह्याचे कापड असेल तर ३.५ मीटरचे तीन तुकडे, म्हणजे साडेदहा मीटर पुरते. तुकडे उताराच्या दिशेने जोडावेत आणि जोड ४० मिमी एकावर एक घेऊन गरम हवेने चिकटवावा. शिवण घातली तर सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी झिरपते. नळ्यांसाठीचे पट्टे खालच्या बाजूला वेगळे चिकटवावेत, मुख्य कापडाला भोक न पाडता.

कापड शेवटी कापायचे. पाया भरून सात दिवस पाणी मारायचे, सांगाडा उभा करायचा, ट्रॅक बसवायचे, मग प्रत्यक्ष माप घ्यायचे. आराखड्यावरून आधीच तयार करून आणलेले कापड २० मिमी लांब निघाले तरी त्याचा झोळच होतो. भिंत आणि छत यांमधल्या फटीवर पत्र्याची पट्टी गिलाव्यात २५ मिमी खाच घेऊन बसवावी आणि सीलंटने बुजवावी.

परवानगी

छत घडीचे म्हणून परवानगी नको, हा समज महागात पडू शकतो. खांब आणि पाया कायमचेच असतात, आणि जागा बहुधा सामासिक अंतरातली, म्हणजे इमारतीभोवती मोकळी सोडायची असते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५३ खाली विनापरवाना काम काढण्याची नोटीस येऊ शकते. काम सुरू करण्यापूर्वी स्थानिक नगररचना विभागात आणि सोसायटीचा भूखंड असेल तर सोसायटीतही विचारून घ्यावे.

निगा

ट्रॅकला ग्रीस लावू नये. त्यात धूळ बसून कुरुंदासारखा घासणारा थर तयार होतो. कोरडा सिलिकॉन स्प्रे पुरतो. कापड साध्या साबणाने धुवावे, रॉकेल किंवा ब्लीच लावू नये. ओले छत वाऱ्यामुळे मिटावे लागले तर वारा थांबल्यावर उघडून वाळवावे. तसेच दुमडून राहिल्यास आठवड्याभरात चुण्यांमध्ये काळी बुरशी येते आणि तिचे डाग जात नाहीत. दिवाळीनंतर छत महिनोन्महिने मिटलेले राहते, तेव्हा गठ्ठ्यावर पत्र्याचा टोप असला तरी महिन्यातून एकदा पूर्ण पसरून पाहावे. खारी आणि उंदीर घरट्यासाठी नेमकी हीच जागा धरतात आणि कापड चुणीच्या कडेलाच कुरतडतात, त्यामुळे उघडल्यावर एकाच रेषेत सात-आठ भोके दिसतात. नळ्यांची आणि खांबांची उघडी टोके प्लॅस्टिकच्या टोपणांनी बंद ठेवावीत, नाहीतर आत गांधीलमाश्या राहायला येतात.