कुंडीतला पांढरा कापूस बुरशी नव्हे

गोव्यात पाऊस स्थिरावला की बाल्कांवातल्या कुंड्या घरात येतात, आणि चतुर्थीपर्यंत दोन-चार घरांतून तरी ऐकू येते, “क्रोटनाला बुरशी आली.” कपाटातल्या चपलांना बुरशी चढते त्या हवेत असा समज होणे साहजिकच. मग बुरशीनाशक फवारले जाते, पाणी कमी केले जाते आणि झाड सुकतच राहते.

पानाच्या बेचक्यातला तो कापूस काडीने अलगद उचकटून पाहा. आत तीनेक मिलिमीटरचा, लंबगोल, गुलाबीसर जीव सापडेल. अंगावर पिठासारखे मेण, कडेने मेणाचीच झालर, खाली सहा पाय. हा पिठ्या ढेकूण. शेंड्यावर घोळक्याने बसणारा मावा आणि देठाला चिकटलेली तपकिरी खवले कीड ही त्याची भावंडेच. पानाखाली बारीक जाळे दिसले तर तो झाडावरचा बारीक कोळी (माइट), म्हणजे आठ पायांचा, कीटक नव्हेच.

पिठ्या ढेकूण आपली सोंड झाडाच्या रसवाहिनीत खुपसून बसतो. त्या रसात साखर रग्गड, पण प्रथिने बांधायला लागणारी अमिनो आम्ले जेमतेम. म्हणून तो भरमसाट रस पितो आणि नको असलेली साखर मागून टाकून देतो. पाने चिकट होतात ती यामुळे. मुंग्यांची रांग लागते तीही यासाठीच. त्या साखरेवर पुढे काळी काजळी धरते. या सगळ्या प्रकरणात खरी बुरशी असलीच तर ती ही काळी!

तरी काही अमिनो आम्ले कमीच पडतात. ती कुठून येतात? घरातल्या झाडांवर हमखास आढळणाऱ्या लिंबूवर्गीय पिठ्या ढेकणात याचे उत्तर अफलातून आहे. त्याच्या पोटातल्या खास पेशींत ट्रेम्ब्लाया नावाचे जिवाणू राहतात आणि त्या जिवाणूंच्या आत मोरानेला नावाचे दुसरे जिवाणू. जिवाणूत जिवाणू! हे 2001 साली उघड झाले. ट्रेम्ब्लायाचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा जनुकसंच, सुमारे 1 लाख 39 हजार बेस-जोड्यांचा (डीएनएच्या अक्षरांचा). आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय या जिवाणूचा 46 लाखांच्या घरात. इतकी जनुके गमावल्यावर एकट्याने काही बनवणे अशक्यच. फेनिलअॅलनिन हे अमिनो आम्ल तयार होण्याच्या साखळीत काही विकरे (एन्झाइम) ट्रेम्ब्लाया पुरवतो, काही मोरानेला, आणि उरलेले काम ढेकणाच्या पेशी करतात. ही जोडगोळी आईकडून थेट अंड्यात जाते.

झाडाला नजर लागली म्हणून शेजारी लिंबू-मिरची टांगणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की लिंबू हे याच्या खास आवडीचे झाड. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या दालचिनीच्या पुडीनेही त्याचे काही बिघडत नाही.

खरी अडचण मेणाची. अळवाच्या पानावरून घरंगळावे तसे पाणी त्याच्या अंगावरून घरंगळते. म्हणून मोजके ढेकूण असतील तर कापसाचा बोळा स्पिरिटात बुडवून एकेक टिपून काढा. जास्त असतील तर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि ते मिसळण्यापुरता सौम्य द्रव साबण घालून संध्याकाळी फवारा. पानांची खालची बाजू आणि बेचके विसरू नका. आधी एका पानावर करून बघा. कपड्यांची पावडर नको, पाने करपतात. साबण ओला असेपर्यंतच मारतो. कडुनिंबातले अॅझाडिरॅक्टिन पिल्लांची कात टाकण्याची क्रिया बिघडवते, त्याला वेळ लागतो. कापसाच्या पिशवीतली शेकडो अंडी मात्र दोन्हींतून वाचतात, म्हणून आठवड्याने पुन्हा, आणि त्यानंतरही एकदा.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेले नवे रोप दोन-तीन आठवडे इतरांपासून लांब ठेवा. आणि पाने स्वच्छ असूनही झाड मलूल दिसले, तर कुंडी उलटी करून मुळांचा गोळा बाहेर काढा. मुळांवर राहणारे पिठ्या ढेकूणही असतात. मातीत पांढरे पुंजके दिसले तर मुळे धुऊन, कुंडी घासून, सगळी माती बदलावी लागते.